बेलारिव्हाचा शिवलेला खिसा

भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमधून उत्तनला जायला एक पूल आणि एक बस पुरते. ह्याला प्रवास म्हणायचं का, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस बिऱ्हाडं आहेत, लालबाग, परळ, भांडुप अशा ठिकाणांहून आलेली. त्यातली तीन माणसं दुबईला जाऊन आली आहेत, पण उत्तनला कोणीच गेलेलं नाही. मासे मात्र सगळे तिथलेच खातात. तेव्हा ज्यांनी उत्तन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. लिहिताना कुठे चुकलं तर सांभाळून घ्या, कारण आमच्या घरात एका पानाच्या वर लिहिणारी मी पहिलीच.

सुरुवात पप्पांच्या कारखान्यात झाली. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, त्यातल्या एकात माझे पप्पा पॉलिशचं काम करतात. फिरत्या चाकाला काळं मेण लावायचं आणि त्यावर भांडं धरायचं. भांडं आरशासारखं होतं आणि त्याचं सगळं काळं हातांत उतरतं. रॉकेलने धुवा नाहीतर लिंबाने घासा, रेषांमधलं जात नाही. कॉलेजच्या ॲडमिशनला पप्पा माझ्यासोबत आले होते तेव्हा गेटबाहेरच थांबले. "तू जा आत, मी इथं उभा आहे," म्हणाले. दोन तास उभे होते, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून.

तर त्या वर्षी नाताळच्या आधी उत्तनचा एक म्हातारा कारखान्यात एक उंच, काळी पडलेली कॉफीची किटली पॉलिशला घेऊन आला. पप्पांनी ती चाकावर धरली आणि काळं निघालं तशी तिच्या पोटावर अक्षरं दिसायला लागली. पप्पांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी ती अक्षरं चित्र काढावं तशी कागदावर काढून आणली. मी वाचलं: हॉटेल बेलारिव्हा, मोम्बासा. खाली एक चाक होतं आणि चाकाच्या कडेने आकडे.

"चाकावर आकडे कशाला?" आईने विचारलं.

"कॅसिनोचं चाक असेल. म्हणजे जुगाराचं."

आईने तो कागद उचलला आणि देवघरापासून लांब, फ्रिजवर नेऊन ठेवला.

त्याच आठवड्यात आमच्या इतिहासाच्या मॅडमनी एक प्रदर्शन जाहीर केलं होतं. विषय, समुद्रापार कामाला गेलेली आपली माणसं. नाताळच्या सुट्टीआधीच्या सोमवारी प्रत्येकाने एक टेबल मांडायचं होतं. माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून घाबरत घाबरत तो कागद दाखवला. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मनीषा, आफ्रिकेतलं कॅसिनो हॉटेल आणि आपलं उत्तन? हेच कर. तिथल्या वस्तू गोळा करून आण. मला माणसांपेक्षा वस्तूंवर जास्त विश्वास आहे."

मी हो म्हणाले. मला कोणाकडे काही मागताच येत नाही, वाण्याकडे राहिलेले सुट्टेही मी तसेच सोडून येते, हे सांगायचं राहूनच गेलं.

पप्पांनी मात्र दुसऱ्याच दिवशी एक मोठं ताट आणलं. कडेला जरा पोचा आलेलं म्हणून मालकाने दिलेलं. त्यांनी ते असं घासलं होतं की आईने त्यात बघून टिकली लावली. "प्रदर्शनात वस्तू नुसत्या टेबलावर नको ठेवू," पप्पा म्हणाले. "मधली मोठी वस्तू ह्यात ठेव."

पहिला रविवार, उत्तन

बस मुर्धा, राई, मोरवा अशी गावं घेत जाते. दोन्ही बाजूंना मिठागरं. डिसेंबरात त्यांत नुसतं पाणी असतं, मीठ दिसत नाही. चौकोनी चौकोनी पाणी आणि प्रत्येकात एकेक बगळा, जणू वाटून दिलेत. डोंगरीचा चढ संपला की आधी वास येतो आणि मग समुद्र. वासाची मला तयारी होती. पण बोंबील वाळत घालण्यासाठी बांबूंचे आणि दोऱ्यांचे एवढे उंच मांडव असतील असं वाटलं नव्हतं. हजारो बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून टांगलेले, आपल्याकडे लग्नात तोरणं असतात तसे. मी ते बघत बघत वरती मान करून खालून चालत गेले आणि एक बोंबील माझ्या केसांत अडकला.

तशीच मी पास्कू अंकलच्या दारात पोचले. किटली त्यांचीच. पास्कल नाव, पण गावात पास्कू. दारात सिमेंटचा क्रूस होता, त्याला झेंडूचा हार. आमच्या खाली पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीलाही रविवारी तसाच असतो.

पास्कू अंकलची बायको एलिस आंटी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि आत ओरडली, "पास्कू, बाहेर ये! पावणी आली, बोंबील घेऊन आली!"

तिने स्वतःच्या हाताने तो केसांतून काढला आणि परत दोरीवर टांगला. एवढ्या हसण्यानंतर मागायची लाज थोडी कमी झाली.

पास्कू अंकल बेलारिव्हात अठरा वर्षं कुक होते. बोटीने गेले होते. आधी त्यांचे मामा, मग ते, मग त्यांनी आणखी पाचसहा जण ओढून नेले. हॉटेल इंग्रजांच्या वेळचं. खाली जेवणाचा हॉल, बाहेर समुद्र, आणि वरच्या मजल्यावर जिथे आधी नाच चालायचा तिथे नंतर हिरव्या कापडाची टेबलं आणि चाक आलं. "मोठी मोठी माणसं यायची," अंकल म्हणाले. "वर हरायची आणि खाली येऊन माझी सुरमई खायची. हरलेला माणूस लय जेवतो, पोरी. जिंकलेल्याला भूकच नस्ते." गेल्या वर्षी ते हॉटेल पाडलं, असं त्यांच्या भाच्याने तिकडून कळवलं होतं. आता तिथे काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. चार चमचे, काचेचा एक ॲशट्रे, सोनेरी कडेचं मेन्यूकार्ड, सगळ्यांवर ते चाक.

"हे सगळं त्यांनी तुम्हाला दिलं?" मी विचारलं.

"मॅनेजरने दिला. निघताना. प्रेमाने."

"मॅनेजर झोपला होता तवा दिला," एलिस आंटी चुलीजवळून म्हणाली.

जेवायला तिने फुगे तळले. मैद्याचे, नारळाच्या दुधातले, लिंबाएवढे गोल. आपल्या पुऱ्या फुगल्या तर फुगतात, हे फुगे हमखास फुगतात. सोबत मसाल्यातलं मटण. मसाला बिअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला असतो, हे बघून मी जरा दचकले. मी सहा फुगे खाल्ले आणि मग धीर करून विचारलं, "वरच्या हॉलमधलं काही मिळेल का? पैशांऐवजी टेबलावर लावतात ती एखादी चकती वगैरे?"

अंकलनी मान हलवली. "वरचं काय मिळायचा न्हाय. आम्ही खालचे, आम्हाला कोण विचारतो. पण चाक फिरवायला ठेवलेली माणसं! त्यांच्या पँटीला खिसाच न्हाय. म्हणजे खिसा हाय, पण तोंड शिवलेला, मशीनवर, डबल शिलाई. एक चकती पण आत जायला नको. आणि टेबल सोडून उठायचा म्हणजे असा." त्यांनी हलकेच टाळी वाजवली, दोन्ही पंजे पसरले, आधी तळवे वर, मग पालथे. "बाजूला साहेब उभा असतो. तो बघतो, मान हलवतो, म्हणतो, जा, जेवायला जा. मगच उठायचा."

"आपल्या गावातलं कोणी होतं का वर?"

अंकल किटलीकडे बघायला लागले. एलिस आंटीने कढईतला फुगा उगाच उलटला.

"न्हाय," अंकल म्हणाले. "वर आपला कोण न्हाय."

चेणे

पुढच्या शनिवारी चेण्याला गेले. हे गाव आमच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला. काशीमिऱ्यापर्यंत रिक्षा, मग ठाण्याची बस, आणि घोडबंदर रोडवर उतरलं की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला जंगलाचा डोंगर. ट्रकच्या आवाजातून दहा मिनिटं आत चाललं की कोंबड्या ऐकू येतात. पास्कू अंकलनी नेलेल्या पाचसहा जणांतले हिराजी काका इथले. ते बेलारिव्हात खोल्या साफ करायचे.

घर शोधताना मी घोळ घातला. लोकांनी सांगितलं, "दोनशे चौदा नंबर." मी घरं मोजायला लागले. तेरा घरांनंतर गाव संपलं. शेवटच्या घराच्या दारावर पितळेची पाटी होती, २१४.

"हॉटेलातला दरवाजा बदलला, तेव्हा पाटी कचऱ्यात टाकत होते," हिराजी काका म्हणाले. "मी आणली. लावून टाकली. आता पोस्टमन पण २१४ च म्हणतो. रेशनकार्डावर पण तेच हाय."

"प्रदर्शनाला दोन दिवस मिळेल का?"

काका गंभीर झाले. "पोरी, पाटी काढली तर पेन्शनचा कागद कुठं येणार?"

मग काकांनीच वहीचं पान त्या पाटीवर धरलं आणि मला पेन्सिल घासायला सांगितली. आकडे कागदावर उठले. त्यावर त्यांनी सही केली आणि मला एक पपई दिली. घरी येईपर्यंत पपई बॅगेत फुटली, पण कागद वाचला.

सोमवारी पास्कू अंकलनी दिलेल्या वस्तू आणि तो कागद मॅडमना दाखवला. त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. आवडलं त्यांना, पण शेवटी म्हणाल्या, "मनीषा, ह्यात कॅसिनो कुठाय? चमचे, मेन्यू, खोलीचा नंबर. चाक छापलेलं आहे एवढंच. त्या हॉलमधली एक तरी वस्तू हवी. नाहीतर हे कुठल्याही हॉटेलचं टेबल होईल."

एकच आठवडा उरला होता. घरी पप्पा रोज रात्री ताट पुसून ठेवायचे आणि विचारायचे, "मिळालं का मधलं?"

मी म्हणायचे, "मिळेल." आणि मला झोप लागायची नाही. ताट रिकामं राहिलं तर मॅडम काही बोलणार नाहीत, पण पप्पा नक्की म्हणतील, "असू दे," आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

शेवटचा रविवार, परत उत्तन

एलिस आंटीने चर्चमागच्या हॉलमध्ये दुपारी चारच्या हाऊजीला बोलावलं होतं. खरं तर मी पास्कू अंकलना पुन्हा एकदा विचारायला निघाले होते. घरोघरी नाताळचे गोड कुळकुळ तळायचा वास, खिडक्यांत कागदाच्या चांदण्या. हॉलमध्ये पन्नासएक माणसं, बायका जास्त, सगळ्यांच्या हातात तिकीट आणि पेन्सिलचा तुकडा. आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीत हाऊजी होते तेव्हा नंबर ओरडणारा माणूस जोक मारत बसतो आणि बायका "पुढे चला" म्हणून ओरडतात. इथे ओरडणारा एक बारीक, ताठ म्हातारा होता. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. हातात काळ्या जाड कापडाची पिशवी, तिच्यात लाकडी नंबर.

"हा इनास," एलिस आंटी माझ्या कानात म्हणाली. "ती पुढं बसलीय ती रोझी, त्याची बायको. तो पण तिकडेच होता, आफ्रिकेत."

"हॉटेलात?"

"ऑफिसात. कारकून," आंटी घाईने म्हणाली आणि तिकिटात डोकं घातलं.

इनास अंकल नंबर काढायच्या आधी दर वेळी उजवा हात टेबलावरून सपाट फिरवायचे, हवा पुसल्यासारखा, आणि म्हणायचे, "झाला, झाला, आता काय न्हाय." मग पिशवीत हात. "बारा! रेशनचे तांदूळ येतील म्हणतात ती तारीख!" लोक हसायचे, खुणा करायचे, परत सपाट हात. "झाला, झाला, आता काय न्हाय."

मी विचार करत होते. काय झालं? हाऊजीत तिकीट घेतलं की घेतलं, मध्ये कोणी काही लावत नाही. मग कोणाला थांबवतात हे?

पहिला डाव संपला. इनास अंकलनी पिशवी खाली ठेवली, हलकीशी टाळी वाजवली, दोन्ही पंजे पसरले. तळवे वर, मग पालथे. आणि पहिल्या रांगेतल्या बायका, मागचे बाप्ये, तिकिटं वाटणारी मुलगी, सगळ्यांनी टाळी वाजवून तेच केलं.

"हे काय?" मी एलिस आंटीला विचारलं.

"हे? डाव संपला की करतात."

"सगळीकडे?"

"आमच्या हॉलात करतात. शेजारच्या पाली गावात न्हाय करत." ती थांबली. तिने स्वतःच्या पालथ्या हातांकडे बघितलं, जणू ते दुसऱ्याचे आहेत.

खरं सांगते, मी गप्प बसायला हवं होतं. जन्मभर मी गप्पच बसलेय. पण त्या क्षणी मी उभी राहिले आणि माझा आवाज, जो वर्गात दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही, तो अख्ख्या हॉलमध्ये गेला. "अंकल, तुम्ही चाकावर होता ना? बेलारिव्हात, वरच्या हॉलमध्ये?"

पास्कू अंकलनी डोळे मिटले. इनास अंकलचा चेहरा असा उतरला की मला रडू यायला लागलं.

इनास अंकल माझ्याशी नाही, समोरच्या लोकांशी बोलले. हळू बोलले. "बोटीत चढायच्या आधी जुन्या फादरनी आम्हाला क्रूसावर हात ठेवायला लावला होता. दारू न्हाय, जुगार न्हाय. मी कवा एक चकती लावली न्हाय. देवाशपथ. पण चाक फिरवला. सोळा वर्षं फिरवला. घरी काय लिहिणार? लिहिला, ऑफिसात हाय. पास्कूकडून शपथ घेतली." मग ते बायकोकडे वळले. "रोझी, मना माफ कर."

रोझी आंटीने तिकीट खाली ठेवलं. जाडजूड बाई, अंबाड्यात अबोली. "पहिल्या सुट्टीला आलास तवाच मला ठाव होता," ती म्हणाली.

"काय ठाव होता?"

"पँटी धुवायला टाकल्यास. तीनच्या तीन पँटींचे खिसे शिवलेले. मला वाटला शिंप्याची चूक. एकाची शिलाई ब्लेडने उसवली, तर तू असा घाबरलास की बोट निघायच्या आदल्या दिवशी परत शिवून घेतलीस! इनास, कारकुनाला रुमाल ठेवायला तरी खिसा लागतो का न्हाय?"

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं.

"मग बोलली का न्हाय एवढी वर्षं?"

"तू सांगशील म्हणून थांबले. गेलेली बोट पण परत येते. तुझी गोष्ट काय येईना." तिने टेबलाकडे बोट केलं. "आणि पिशवी कशाची हाय, ते तरी ठाव हाय?"

इनास अंकलनी काळी पिशवी छातीशी धरली. "माझ्याच पँटीची," ते पुटपुटले. "रोज हात घालतो. आत खिसा लागतो बोटाला. मला वाटायचा, तू चुकून ठेवलास."

"चुकून? मी मुद्दाम उलटा शिवला. खिसा आत. म्हटला, रोज बोटाला लागू दे. कवातरी तोंड उघडेल."

मग जे हसू फुटलं ते थांबेना. एक म्हातारा काठी आपटत उठला आणि ओरडला, "अरे इनास! कारकून समजून आम्ही सगळ्या गावाचे फॉर्म तुझ्याकडून भरून घेतले! माझ्या बापाचा नाव माझ्या पोराच्या जागी लिहिलास तू!"

"मी सांगत होतो मला जमत न्हाय!"

"आम्हाला वाटला तू नम्र हायस!"

इनास अंकल हसत होते आणि बाहीने डोळे पुसत होते. पास्कू अंकल तर पंधरा दिवसांचं ओझं उतरल्यासारखे खुर्चीत पसरले. पंधरा दिवसांचं कसलं, पुरं आयुष्यभराचं.

हाऊजीचे आणखी दोन डाव झाले. दर डावानंतर सगळ्यांनी हात दाखवले, आता मुद्दाम, एकमेकांना डोळे मारत. शेवटी मी इनास अंकलजवळ गेले. सॉरी म्हणाले. मग, कसं कोण जाणे, पिशवी मागितली. फक्त एका दिवसासाठी.

"न्हाय," ते म्हणाले. "नाताळची हाऊजी हाय. पिशवी गावाबाहेर जायची न्हाय."

"पिशवी जाईल," रोझी आंटी म्हणाली. "आणि तू पण जाशील तिच्यासोबत. संध्याकाळी दोघं परत या."

"कॉलेजात?" इनास अंकल घाबरले. मघाशी घाबरले होते त्याहून जास्त. "मी चौथी शिकलेला, रोझी. मला गेटावरून आत सोडतील?"

"सोडतात," मी म्हणाले. "माझे पप्पा पण कधी आत आले नाहीत. पण सोडतात." हे बोलल्यावर मला कळलं की मी त्यांना कधी आत बोलावलंच नव्हतं.

सोमवार

इनास अंकल पहिल्या बसने आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, मांडीवर पिशवी, वर रोझी आंटीने दिलेला फुग्यांचा डबा. गेटवर वॉचमनने हटकलं नाही, उलट "सर, इकडून" म्हणाला. अंकलनी मागे वळून बघितलं, कुठला सर म्हणून.

माझ्या टेबलावर किटली, चमचे, मेन्यू, २१४ चा कागद, आणि मध्ये पप्पांच्या ताटात काळी पिशवी. जवळ आलेल्या प्रत्येकाला अंकल पिशवी उलटी करून खिसा दाखवायचे. "बोट घालून बघा." कोणाचं जायचं नाही. मग सपाट हात फिरवून, "झाला, झाला, आता काय न्हाय." म्हणजे चाक फिरलं, आता कोणी चकती लावायची नाही. मॅडम तीनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला. फिजिक्सचे सर सुद्धा खुर्ची ओढून बसले होते.

पप्पांना मी सकाळी सांगून आले होते, जेवणाच्या सुट्टीत या, आत या. जेवणाच्या सुट्टीत ते आले नव्हते. साडेतीनला दारात बघितलं तर ते उभे. कारखान्यातून थेट, शर्टावर मेणाचे ठिपके, दोन्ही हात खिशात. आत येत नव्हते आणि जातही नव्हते. ते फक्त ताटाकडे बघत होते. त्यात पिशवी होती, तिच्याखाली खिडकीचा उजेड.

मी जाऊन त्यांना ओढून आणलं. "अंकल, हे माझे पप्पा. तुमच्या किटलीचं पॉलिश ह्यांनीच केलं. ताट पण ह्यांचंच."

"किटली पास्कूची," अंकल म्हणाले आणि हात पुढे केला. पप्पांनी हात बाहेर काढला नाही. नुसती मान लववली. "हात खराब आहेत," म्हणाले.

इनास अंकलनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्यांच्या बसची वेळ होत आली होती. त्यांनी ताटातून पिशवी उचलली, घडी करून काखेत धरली. रिकामं ताट चमकत होतं. मग ते मला म्हणाले, "ह्या टेबलाचा साहेब कोण? टेबल सोडताना साहेबाला दाखवायचा असतो."

मी पप्पांकडे बोट दाखवलं.

इनास अंकल त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले. हलकी टाळी वाजवली. ताटाच्या वर दोन्ही पंजे पसरले, तळवे, मग पालथे. सत्तरीतले हात, आफ्रिकेतून आल्यावर जाळ्याच्या दोऱ्यांनी खरवडलेले.

पप्पा गोंधळले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं असणार की कॉलेजात अशीच रीत असते, उत्तर दिलं नाही तर मुलीचा अपमान होईल. त्यांनी खिशातून हात काढले, टाळी वाजवली आणि ताटावर धरले. आधी तळवे, मग पालथे. प्रत्येक रेष काळी, नखांच्या कडा काळ्या. फिजिक्सचे सर बघत होते, मॅडम बघत होत्या.

इनास अंकलनी ते हात नीट बघितले. घाई केली नाही. मग मान हलवली, अगदी सावकाश, आणि म्हणाले, "जा. जेवायला जा."

पप्पा म्हणाले, "अजून जेवलोच नाही मी, खरंच."

मग अंकलनी बस सोडली आणि पुढची धरायचं ठरवलं. डबा उघडला. फुगे गार झाले होते, तरी फुगलेलेच होते. ते आम्ही पप्पांच्या ताटात ओतले, आणि पहिला फुगा पप्पांनी उचलला.